हॉलमधल्या प्रत्येक जागी नीट ऐकू यावं म्हणून: स्पीकर, खोली आणि फिल्टर यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी संध्याकाळी गाणं लागलं की बाबा सोफ्यावर असतात, आई खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत आणि मी खाली सतरंजीवर. खोलीनुसार आवाज सुधारण्याबद्दल जे काही वाचायला मिळतं, त्यातलं बरंचसं मधोमध ठेवलेल्या एका खुर्चीसाठी लिहिलेलं असतं. तशी खुर्ची किती घरांत असते? मी पुण्यात मित्रांच्या आणि नातेवाइकांच्या घरी सिस्टीम लावून देतो. तिथे पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आकडे आमच्या हॉलचे आहेत, कारण तो मी इंच न इंच मोजलाय: लांबी साडेसोळा फूट, रुंदी साडेदहा, उंची साडेनऊ.

फिल्टर म्हणजे नेमकं काय?

आवाजातल्या एखाद्या पट्ट्याची पातळी कमी किंवा जास्त करतो तो फिल्टर. जुन्या टेपरेकॉर्डरवरचे बास-ट्रेबलचे नॉब हेही फिल्टरच. ग्राफिक इक्वलायझरमध्ये पट्ट्यांच्या जागा ठरलेल्या असतात: ५०, ६३, ८०, १०० हर्ट्झ (सेकंदाला इतकी कंपनं) अशा. तुमच्या खोलीचा त्रास नेमका ६९ हर्ट्झवर असला, तर ती सरकपट्टी तुम्हाला सापडणारच नाही. म्हणून खोलीसाठी पॅरामेट्रिक फिल्टर लागतो. त्यात तीन आकडे द्यायचे: कुठे (हर्ट्झ), किती (डेसिबल, म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप) आणि किती रुंद. या रुंदीच्या आकड्याला क्यू म्हणतात. क्यू जितका मोठा, तितका फिल्टर अरुंद. ६९ हर्ट्झला क्यू ७ दिला, तर फिल्टर साधारण १० हर्ट्झ रुंद होतो.

कल्पना जुनी आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेत टेक्सासमध्ये सी. पी. बोनर सभागृहातली माइकची शिट्टी घालवण्यासाठी अगदी अरुंद फिल्टर बसवत होते. १९६७मध्ये ऑल्टेक कंपनीने सप्तकाच्या एक-तृतीयांश पट्ट्यांची पद्धत बाजारात आणली. तेव्हा हे सगळं कॉइल आणि कपॅसिटरचं असायचं. आज तेच काम तुमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर सहज करतो.

माझे स्पीकर चांगले आहेत, महागही आहेत. मग फिल्टर कशाला?

कारण २०० हर्ट्झच्या खाली तुम्ही स्पीकरपेक्षा खोलीच जास्त ऐकत असता. तेच स्पीकर दुसऱ्या घरी नेऊन लावा, बास ओळखूही येणार नाही.

सोफ्यावर बास घुमतो आणि दोन पावलं पुढे गेलं की गायबच होतो. असं का?

हा प्रश्न नीट समजला की बाकीचं आपोआप समजतं, म्हणून इथे जरा थांबतो.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाची लाट अडकते. तिची अर्धी लांबी भिंतींमधल्या अंतराएवढी झाली की लाट जागीच उभी राहते. आमच्या हॉलची लांबी म्हणजे सुमारे ५.०३ मीटर, आणि हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. म्हणजे पहिली उभी लाट ३४ हर्ट्झला आणि दुसरी त्याच्या दुप्पट, ६९च्या आसपास. रुंदीची पहिली लाट ५४ला पडते, उंचीची ६०च्या जवळ.

आता ती ६९ची लाट बघा. तिचा जोर दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी आणि बरोबर मध्यावर असतो. पाव लांबीवर आणि पाऊण लांबीवर मात्र ती जवळजवळ शून्य होते. आमचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, म्हणजे बाबांचं डोकं लाटेच्या शिगेवर. आईची खुर्ची त्या भिंतीपासून चार फुटांवर, म्हणजे नेमकी पाऊण लांबीवर, शून्यावर.

यात संगीताचा संबंध असा, की काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्यातली खर्जाची तार ६९ हर्ट्झलाच लागते. बायाची घूमही त्याच परिसरात फिरते. बाबा म्हणायचे, "तबला अंगावर येतोय, जरा कमी कर." आई म्हणायची, "मला तर नुसता चाटेवरचा आवाज येतोय, डग्गा कुठाय?" मी कितीतरी दिवस समजत होतो की दोघांच्या आवडी वेगळ्या. दोघंही खरं सांगत होते.

हे स्वतः अनुभवायचं असेल तर मोबाइलवर टोन जनरेटरचं एखादं ॲप घ्या, आपल्या हॉलच्या लांबीवरून दुसऱ्या लाटेचा आकडा काढा (३४५ भागिले मीटरमधली लांबी) आणि तो सूर हलक्या आवाजात सबवूफरवर, म्हणजे फक्त बाससाठी असलेल्या स्पीकरवर, सतत वाजत ठेवा. मग मागच्या भिंतीपासून पुढे सावकाश चालत जा. एका जागी छातीत गुंजतं आणि चार फुटांवर स्पीकर बंद पडल्यासारखं वाटतं. पुन्हा दोन पावलं टाकली की आवाज परत येतो. मी ज्यांच्या ज्यांच्या घरी हे करून दाखवलं, त्यांना पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही.

मग ६९ हर्ट्झला फिल्टर लावून तो उंचवटा कापला की झालं ना?

मीही हेच केलं होतं. सोफ्यावर माइक ठेवून मोजलं, तर ६९ला ९ डेसिबलचा उंचवटा दिसला. तेवढाच कापला. बाबा खूश झाले. आईच्या खुर्चीत मात्र आधीच ११ डेसिबलचा खड्डा होता, तो २०चा झाला. तिच्यापुरता डग्गा मैफलीतून उठूनच गेला.

स्पीकरकडे जाणारा सिग्नल एकच असतो. त्यावर लावलेला फिल्टर सगळ्या खुर्च्यांवर सारखाच पोचतो. म्हणून सगळ्या जागी जे सारखं बिघडलेलं आहे, तेवढंच फिल्टरने सुधारतं. एका जागी उंचवटा आणि दुसऱ्या जागी खड्डा, हा फरक फिल्टरच्या हातातला नाही. तो कमी करायचा असेल तर स्पीकर हलवा, माणसं हलवा किंवा बासचा आणखी एक उगम आणा. आधी जागांमधला फरक कमी करायचा आणि मग जे सामाईक उरतं त्यावर फिल्टर लावायचा. क्रम उलटा झाला की एकाचं भलं दुसऱ्याच्या मुळावर येतं.

मोजायला काय लागतं? मोबाइल चालेल का?

अंदाज घ्यायला मोबाइल चालेल. फिल्टर ठरवायला चालणार नाही, कारण अनेक फोनचे माइक खालच्या आवाजाला कमी पडतात आणि कित्येकदा फोन स्वतःच पातळी वर-खाली करतो. मिनीडीएसपी कंपनीचा यूमिक-१ हा यूएसबी माइक बरेच जण वापरतात. त्याच्या प्रत्येक नगाची स्वतंत्र कॅलिब्रेशन फाइल (तो माइक कुठे किती चुकतो ते सांगणारी) मिळते. सोबत रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. माइक छताकडे तोंड करून ठेवलात तर ९० अंशांची फाइल निवडायची, स्पीकरकडे रोखलात तर शून्य अंशांची. या फाइलींची अदलाबदल फार होते, आणि ट्रेबल उगाच कमी-जास्त दिसतो.

सॉफ्टवेअर खालून वर चढत जाणारा एक सूर वाजवतं. या पद्धतीला इटलीतल्या आंजेलो फारिना यांनी २०००मध्ये आजचं रूप दिलं. त्यात खोलीचा प्रतिसाद आणि स्पीकरची विकृती एकाच मोजणीत वेगवेगळी करता येते. पंखे आणि एसी बंद ठेवा, आणि कुकरच्या शिट्ट्या होऊन जाऊ द्या.

किती जागी मोजायचं?

जिथे जिथे माणसाचं डोकं असतं, तिथे तिथे. तीन जणांच्या सोफ्यासाठी तीन, प्रत्येक वेगळ्या खुर्चीसाठी एक, आणि त्यांच्या आजूबाजूला हात-दीड हातावर आणखी दोन-तीन. सहा ते नऊ मोजण्या पुरतात. उंची बसलेल्या माणसाच्या कानाएवढी. आमच्याकडे सतरंजीवरचं एक माप खाली घेतलं, कारण तिथे खरंच कोणीतरी बसतं. माइक स्टँडवरच ठेवा. सोफ्याच्या पाठीवर उशी ठेवून तिच्यावर माइक टेकवला, तर उशीचंच माप येतं.

एक सोपी रीतही आहे. पिंक नॉइज (धबधब्यासारखा एकसारखा सळसळता आवाज) वाजवत ठेवायचा आणि बसण्याच्या सगळ्या भागातून माइक मिनिटभर अगदी हळूहळू फिरवायचा. सॉफ्टवेअर त्या पूर्ण फिरण्याची सरासरी काढतं. १५० हर्ट्झच्या वरच्या भागासाठी मला ही पद्धत जास्त विश्वासाची वाटते. मात्र तिच्यात जागांमधला फरक दिसत नाही, म्हणून बाससाठी वेगवेगळी मापंच घ्या.

मापं आली. आता त्यातून काय वाचायचं?

सगळ्या जागांच्या रेषा एकावर एक टाका. सरासरीची रेषा सगळे बघतात. माझी विनंती आहे की आधी रेषांचा पसारा बघा. जिथे सगळ्या रेषा एकत्र वर चढतात, तिथे फिल्टर मनापासून लावा. जिथे काही वर आणि काही खाली जातात, तिथे सरासरी सपाट दिसली तरी तिच्यावर विश्वास ठेवू नका. आमच्या ६९ हर्ट्झला सुरुवातीची सरासरी बऱ्यापैकी दिसत होती, आणि खुर्चीत डग्गाच नव्हता.

खड्डा दिसला तर तिथे आवाज वाढवून भरून काढू का?

बहुतेक वेळा नको.

अरुंद, खोल खड्डा बऱ्याचदा असा तयार होतो: स्पीकरचा थेट आवाज आणि भिंतीवरून परत आलेला आवाज एकमेकांना खोडतात. स्पीकर त्याच्या पाठीमागच्या भिंतीपासून एक मीटरवर असेल, तर ८६ हर्ट्झच्या आसपास हे घडतं. तुम्ही थेट आवाज वाढवला की परत येणाराही तेवढाच वाढतो, आणि दोघं मिळून पुन्हा शून्यच करतात. खड्डा जागचा हलत नाही. अँपलिफायर मात्र दमतो. ३ डेसिबल वाढवायला दुप्पट पॉवर लागते, ६ला चौपट, ९ला जवळजवळ आठपट. जिथे ५० वॉट पुरत होते, तिथे ४०० मागितले जातात.

मी सुरुवातीच्या काळात एका मित्राच्या घरी असाच ९ डेसिबल चढवून खड्डा भरायला गेलो होतो. आलेखात थोडा फरक दिसला, आम्ही समाधानाने चित्रपट लावला. तासाभराने जळक्या लाखेसारखा वास आला. वूफरची कॉइल गेली होती. तो स्पीकर त्याने पहिल्या पगारातून घेतलेला होता, आणि नुकसान सर्वस्वी माझ्या हातून झालं होतं. तेव्हापासून मी ३ डेसिबलच्या वर कुठेही चढवत नाही, आणि तेही खड्डा रुंद आणि सगळ्या जागी सारखा असेल तरच.

थोडं जरी चढवलंत, तरी तेवढीच एकूण पातळी आधी खाली आणा. इक्वलायझर एपीओ या संगणकावरच्या फिल्टर लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रीअँप म्हणून जागा असते. कुठे ३ चढवले असतील तर तिथे उणे ३ लिहा. नाहीतर मोठ्या आवाजाच्या जागी सिग्नल फाटतो.

फिल्टर कुठपर्यंत लावायचे? पूर्ण आवाजावर का नाही?

प्रत्येक खोलीत एक सीमा असते. तिच्या खाली एकेक उभी लाट वेगळी ओळखता येते, तिच्या वर हजारो लाटा एकमेकींत मिसळतात. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर यांच्या नावाने ती ओळखली जाते. आमच्या हॉलचं आकारमान सुमारे ४७ घनमीटर. घुमणं (आवाज विरून जायला लागणारा वेळ) ०.६ सेकंद धरलं, तर ही सीमा २२५ हर्ट्झच्या आसपास येते. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये साधारण २०० ते ३०० धरून चालायला हरकत नाही.

खाली लाटा लांब असतात. १०० हर्ट्झची लाट साडेतीन मीटरची. डोकं वीतभर हललं तरी फरक पडत नाही. १०,००० हर्ट्झची लाट साडेतीन सेंटिमीटरची. तिथे एका जागी मोजून केलेली बारीक दुरुस्ती तुम्ही मान वळवताच चुकीची ठरते. शेजारी बसलेल्याला तर ती पहिल्यापासूनच चुकीची असते.

म्हणून सीमेच्या वर फक्त रुंद, हलका हात. स्पीकर सगळीकडेच थोडा तीव्र वाटत असेल, तर वरच्या टोकाला एक-दोन डेसिबलचा उतार द्या. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे हार्मन या ऑडिओ कंपनीत काम केलेले संशोधक फ्लॉइड टूल हे कळकळीने सांगत आले आहेत: चांगला स्पीकर कुठल्याही साध्या खोलीत खर्जाकडून तीव्र स्वरांकडे हळूहळू उतरणारी रेषा देतो. ती रेषा ओढून सपाट केली की आवाज किरटा होतो. मी सुरुवातीला सपाट करण्याच्या मागे लागलो होतो. सतार ऐकवेना, जणू तारांवरून पत्रा घासतोय.

डाव्या आणि उजव्या स्पीकरला या वरच्या भागात एकसारखेच फिल्टर द्या.

किती फिल्टर पुरतात? आणि किती अरुंद?

बासमध्ये तीन-चार. सॉफ्टवेअरला सांगितलं तर ते वीस सुचवेल. ते ऐकू नका, कारण त्यातले बरेच एका जागेच्या बारीक खाचाखोचांसाठी असतात.

अरुंदपणाबद्दल एक गोष्ट आपल्या हवेमुळे लक्षात आली. डिसेंबरात रात्री हॉलमध्ये १८ अंश असतं, एप्रिलच्या दुपारी ३५. आवाजाचा वेग सुमारे ३४२वरून ३५२ मीटरवर जातो. आमची ६९ची लाट थंडीत ६८ला आणि उन्हाळ्यात ७०ला सापडते. क्यू १५चा सुईसारखा फिल्टर हिवाळ्यात बसवला, तर उन्हाळ्यात तो कडेला पडतो. मी क्यू ४ ते ७च्या पुढे सहसा जात नाही.

दुसऱ्या सबवूफरने खरंच फरक पडतो? जास्त आवाज नकोय मला.

आवाज वाढवायला तो आणायचाच नाही. जागांमधला फरक कमी करायला आणायचा.

झोपाळ्याचं उदाहरण घ्या. एकाने पुढून ढकललं आणि त्याच क्षणी दुसऱ्याने मागून, तर झोपाळा हलत नाही. उभ्या लाटेच्या दोन शिगा एकमेकींच्या विरुद्ध हलतात: ६९ हर्ट्झला भिंतीपाशी दाब वाढतो तेव्हा हॉलच्या मध्यावर कमी होतो. मग एक सबवूफर समोरच्या भिंतीपाशी आणि दुसरा लांब भिंतीच्या बरोबर मध्यावर ठेवला, तर दोघं एकाच वेळी ढकलत असूनही ही लाट उभीच राहत नाही. लाट नाही, तर शीग नाही आणि शून्यही नाही.

आमच्याकडे नेमकं हेच केलं. कोपऱ्यातला सबवूफर उचलून टीव्हीच्या कपाटाशेजारी, समोरच्या भिंतीच्या मध्याजवळ ठेवला. दुसरा, त्याच क्षमतेचा, खिडकीखाली सव्वाआठ फुटांवर. आईने त्यावर विणलेलं कापड घालून कुंडी ठेवली. कुंडी मी विनंती करून उचलली, कापड आहे. मोजलं तेव्हा ६९ हर्ट्झला सोफा आणि खुर्ची यांच्यातला २० डेसिबलचा फरक ५वर आला होता, आणि अजून एकही फिल्टर लावलेला नव्हता. मग जे सामाईक उरलं ते कापलं: ५४ला उणे ६, ३४ला उणे ४, ६९ला फक्त उणे ३.

हार्मनमधले टॉड वेल्टी यांनी २००२मध्ये सबवूफरांच्या संख्येचा आणि जागांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. आयताकृती खोलीत चार भिंतींच्या चार मध्यांवर चार सबवूफर ही मांडणी त्यात फार चांगली ठरली. वरचाच हिशेब तिथेही लागू होतो: समोरचा आणि मागचा मिळून लांबीची पहिली लाट मारतात, आणि बाजूचे दोघं आल्यावर दुसरीही जाते. दोन सबवूफरांत बराच पल्ला गाठता येतो. मोठ्या एकापेक्षा छोटे दोन घ्या, हे मी प्रत्येकाला सांगतो.

दुसरा घेणं परवडत नाही. एकाच सबवूफरवर काय करता येईल?

कोपऱ्यातून काढा. कोपऱ्यातून खोलीतल्या सगळ्याच लाटा जागतात. सबवूफर तुमच्या बसण्याच्या जागी सोफ्यावर ठेवा, बायाची घूम असलेलं काहीतरी लावा आणि भिंतीकडेने रांगत जा. जिथे घूम एकसारखी आणि स्वच्छ ऐकू येते, तिथे सबवूफर ठेवायचा. मग हेच दुसऱ्या खुर्चीवर सबवूफर ठेवून करा आणि दोन्हींत चालणारी जागा निवडा. सोफा भिंतीपासून फूटभर पुढे ओढता आला, तर तेवढ्यानेही फायदा होतो.

डिले कशासाठी असतो?

डिले म्हणजे एखाद्या स्पीकरचा आवाज मुद्दाम थोडा उशिरा सोडणं. सबवूफर आणि स्पीकर यांचा आवाज कानावर एकत्र पोचावा म्हणून. एक मीटर अंतराला साधारण २.९ मिलिसेकंद लागतात. सगळ्या जागांसाठी एकच आकडा अचूक बसत नाही, पण घाबरायचं कारण नाही: ८० हर्ट्झची लाट ४.३ मीटरची असते, त्यामुळे मीटरभराचा फरक म्हणजे पाव लाट. तेवढ्यात दोन आवाज एकमेकांना मारत नाहीत. मुख्य सोफ्यावर जुळवा, मग खुर्चीत जाऊन ८०च्या आसपास खड्डा पडला नाही ना ते बघा. पडला असेल तर मधला आकडा घ्या.

एफआयआर फिल्टर जास्त चांगले असतात असं ऐकलंय.

हे टप्प्याटप्प्याने हिशेब करणारे डिजिटल फिल्टर. त्यांच्यात फेज, म्हणजे लाटांचं वेळेत मागेपुढे होणं, हेही हवं तसं वळवता येतं, ही त्यांची ताकद. किंमतही आहे. बासमध्ये बारकाई हवी असेल तर फिल्टर लांब लागतो. ४८,००० हर्ट्झवर ६५,५३६ टप्प्यांचा फिल्टर म्हणजे जवळपास १.३७ सेकंद. तो लिनिअर फेजचा (सगळ्या सुरांना सारखाच उशीर करणारा) केला तर आवाज ०.६८ सेकंद उशिरा येतो. गाण्याला चालेल, पण टीव्हीवर बातमीदाराचे ओठ आधी हलतील.

दुसरी अडचण जास्त सूक्ष्म आहे. अशा फिल्टरने जोरकस दुरुस्ती केली की ठोक्याच्या आधीच त्याची पुसट चाहूल लागते. तबल्यावर 'ना' पडायच्या आत तिची सावली ऐकू यावी, तसं. एका जागी मोजून काढलेली फेजची दुरुस्ती दुसऱ्या जागी ही सावली वाढवते. अनेक जागांसाठी बासमध्ये साधे पॅरामेट्रिक फिल्टर पुरतात. शिवाय उभ्या लाटेचा उंचवटा नीट कापला की तिचं रेंगाळणंही कमी होतं, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

रिसीव्हरमध्ये ऑटोमॅटिक कॅलिब्रेशन (स्वतःच मोजून फिल्टर लावणारी सोय) आहे. तेवढं पुरे नाही का?

कित्येक घरांत पुरतं. ऑडिसी आणि डिरॅक लाइव्ह या अशाच दोन सोयी. ऑडिसीच्या वरच्या आवृत्तीत आठ जागांपर्यंत मोजता येतं, डिरॅक लाइव्हमध्ये त्याहून जास्त, आणि दोन्ही त्या मापांवरून सामाईक दुरुस्ती काढतात. बहुतेक लोक कंटाळून तीन मापांत आटोपतात, तिथे घोटाळा होतो. सगळ्या जागा मोजा. दुरुस्तीची वरची मर्यादा ठरवता येत असेल तर ३०० हर्ट्झच्या आसपास ठेवून ऐका. आणि सबवूफरची जागा बटण दाबण्याआधी ठरवा. तो कोपऱ्यात आहे हे यंत्राला चालतं, तुम्हाला चालणार नाही.

सोफ्याच्या कडेला बसलं की गायक एकाच स्पीकरमधून गातोय असं वाटतं. यावर फिल्टर आहे?

नाही. जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो आणि कान त्याच्याच दिशेला विश्वास ठेवतो. स्पीकर आतल्या बाजूला जरा जास्त वळवा, इतके की त्यांच्या रेषा सोफ्याच्या पुढे एकमेकींना छेदतील. मग डाव्या कडेला बसलेल्यावर उजवा स्पीकर रोखलेला असतो आणि जवळचा थोडा बाजूला पडतो. लांबच्याचा जोर वाढतो, गायक बराचसा मध्याकडे सरकतो. चित्रपटांसाठी मधला स्पीकर हाच खरा इलाज.

टाइल्समुळे हॉल घुमतो. इक्वलायझरने जाईल?

जाणार नाही. फिल्टर आवाजाचा तोल बदलतो, टाळी वाजवल्यावर मागे राहणारी झणझण तशीच राहते. जाड पडदे, गालिचा, पुस्तकांनी भरलेलं कपाट, कापडी सोफा. हे आधी करा.

सोसायटीच्या हॉलमध्ये भजनाला हेच लावता येईल?

तत्त्व तेच, कामं वेगळी. तिथे पहिलं दुखणं शिट्टीचं. माइक चालू ठेवून हळूहळू आवाज वाढवा, ज्या सुराला शिट्टी धरते तिथे अरुंद फिल्टरने ३ ते ६ डेसिबल कापा. असे तीन-चार पुरे. त्याहून जास्त लागत असतील तर स्पीकर माइकच्या मागे आहेत, ते पुढे आणा.

मागच्या रांगांसाठी पुढचे स्पीकर मोठे करू नका, पुढचे लोक कान झाकतील. साठ फुटांवर दोन छोटे स्पीकर लावा आणि त्यांना डिले द्या. साठ फुटांना आवाज ५३ मिलिसेकंद घेतो. डिले ६०च्या आसपास ठेवला की मंचावरचा आवाज किंचित आधी पोचतो आणि बुवा समोरूनच गातायत असं वाटतं.

शेजाऱ्यांना बासचा त्रास होतो. फिल्टरने काही होईल?

होईल, आणि यासाठी तरी हे कराच. भिंतीतून पलीकडे जातो तो मुख्यतः उभ्या लाटांचा जोर. उंचवटा ९ डेसिबलने उतरला की त्या सुराला पलीकडे पोचणारी शक्तीही जवळपास आठपटींनी कमी होते. तुमच्याकडे मात्र बास स्वच्छ झालेला असतो, त्यामुळे एकूण आवाज कमी ठेवूनही पोटभर ऐकता येतं.

सुधारलं की नाही, हे कसं ठरवायचं?

फिल्टर लावल्यावर पातळी थोडी उतरते, आणि जो आवाज मोठा तो कानाला चांगलाच वाटतो. म्हणून आधी दोन्ही पातळ्या सारख्या करा, मगच फिल्टर चालू-बंद करून ऐका. पाठ असलेली एकच बंदिश घ्या. ती प्रत्येक जागेवर बसून ऐका, स्वतःच्या आवडत्या जागेवर सगळ्यात शेवटी.

आणि घरच्यांना काय बदललं ते सांगू नका. आमच्याकडे दुसरा सबवूफर बसला त्या रविवारी मी काही न बोलता विलंबित एकताल लावला. बाबांनी या खेपेला आवाज कमी करायला सांगितलं नाही. आई भाजी निवडत होती. सम आली तशी तिने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली आणि म्हणाली, "हा डग्गा नवीन रेकॉर्डिंगमधला का?" रेकॉर्डिंग तेच होतं, गेली दहा वर्षं घरात वाजणारं.